पिल्लांची ४२ दिवस नोंद ठेवतो, मग माणसाची का नाही?



थंडी वाढली की ब्रुडिंगसाठी शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या लागतात. पिल्लं गारठू नयेत म्हणून पडदे बंद करतात आणि राखणीचा माणूस तिथंच झोपतो. वर हवेला फट ठेवा, आत झोपू नका, हे दरवर्षी सांगितलं जातं. सांगायलाच पाहिजे. पण मला आज बोलायचंय ते वाचलेल्या माणसाबद्दल. तो शुद्धीवर आला, चहा प्याला, की आपण विषय संपवतो. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं.

कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. त्यामुळं तोंडावर पाणी मारून बाजेवर बसवणं हा उपचार नव्हे. कोरोनापासून घरात पडलेल्या ऑक्सिमीटरवरही जाऊ नका. त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही, तो ९८ दाखवेल आणि माणूस आतून गुदमरलेला असेल.

आता पुढचं. काही जण पूर्ण बरे वाटतात आणि काही दिवसांनी, कधी ५-६ आठवड्यांनीही, त्रास सुरू होतो. विसरभोळेपणा येतो, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. चाल मंदावते, हात थरथरतात, काहींचा लघवीवरचा ताबा जातो. जास्त वेळ बेशुद्ध राहिलेल्यांना आणि वय झालेल्यांना हा धोका जास्त. काहींच्या हृदयालाही इजा झालेली असते. गरोदर बाई असेल तर पोटातल्या बाळाला धोका असतो, ती ठीक दिसली तरी दवाखाना चुकवू नका.

आपल्याकडं अशा वेळी काय म्हणतात? "आळशी झालाय", "प्यायला लागला", नाहीतर "बाहेरचं झालंय". मजूर असेल तर कामावरून काढतात. शेगडीची ती रात्र कोणाला आठवतच नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो. मेंदूला झालेली इजा आपण स्वभावाच्या नावावर टाकतो.

यावर हमखास गोळी नाही. पण बऱ्याच जणांत वर्षभरात चांगली सुधारणा होते. काहींना मात्र कमतरता कायम राहते. म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं.

माझं म्हणणं एवढंच:

१. डिस्चार्ज कार्डावर "कार्बन मोनॉक्साइड" हे शब्द लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला त्यावरूनच धागा लागेल.

२. ब्रॉयलरची बॅच साधारण ४२ दिवसांची. मर किती, खाद्य किती, वजन किती, सगळं आपण रोज लिहितो. त्याच वहीत त्या माणसासाठी एक रकाना पाडा: झोप, चाल, बोलणं, विसरणं. काही बदल दिसला की मेंदूच्या डॉक्टरकडं न्या.

३. तेवढे दिवस त्याला कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, मोटारीची वायरिंग आणि औषधाचं प्रमाण काढण्यापासून लांब ठेवा. शेतात एका क्षणाची चूक हात घेऊन जाते.

४. सुपरवायझर आणि कृषी सल्लागार मंडळींना विनंती. शेडवर आलात की पिल्लांची मर विचारताच, तसं राखणदाराचंही विचारा. कोणी सकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं, तर आधी शेगडी आणि पडदे बघा.

बॅच गेली तर पुढची टाकता येते. घरातला कर्ता माणूस जिवंत असून हरवला, तर ते घर वर्षानुवर्षं सोसतं. तुमच्या भागात असं कोणी असेल तर आज त्याच्या घरी जाऊन या.