गोरोबांच्या शेजारी

कळंबहून तेर फार दूर नाही. तेरणेकाठच्या त्या गावी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडविताना पायाखाली आलेल्या तान्ह्या मुलाचे भान ज्या पित्याला राहिले नाही, त्याची कथा आपले कीर्तनकार भक्तीची पराकाष्ठा म्हणून रंगवितात. आम्हांस मात्र, विठ्ठलाने मूल परत दिले हे मान्य करूनही, त्या कथेतील आईचा आक्रोशच अधिक जवळचा वाटत आला आहे. वारकरी पंथाने माळकऱ्याला संसार सोडावयास कधी सांगितले नाही. एकादशी, हरिपाठ, मद्यमांसाचा त्याग, एवढा नेम, आणि तोही शेतसारा भरून, बैलांना वैरण घालून सांभाळावयाचा. निजामी अंमलातील जमाबंदीपासून अलीकडच्या दुष्काळांपर्यंत सारे सोसलेल्या या मांजराकाठच्या कुणब्याच्या घरी तो नेम बापाकडून मुलाकडे उपदेशाने क्वचितच जातो; पहाटे बाप सहाणेवर गोपीचंदनाचा खडा उगाळतो, आणि शेजारी बसलेले पोर आपण होऊन कपाळ पुढे करते.

प्रस्तुत अंकातील लेख बहुतांशी अशा बापांच्या मुलांनी लिहिले आहेत. खुद्द बापांकडे मागणी केली, तेव्हा पेरणी उरकल्यावर पाहू, असा निरोप आला.