सवय मोडणारा हात

रॉक संगीतातला सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण, या वादात जिमी हेन्ड्रिक्सचे नाव निघाले की बाकीचे गप्प होतात. १९७० साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी तो गेला. १९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत आलेल्या त्याच्या तीन स्टुडिओ अल्बमांनी इलेक्ट्रिक गिटारची भाषाच बदलली, हे निर्विवाद आहे. मात्र अकाली मृत्यू कलावंताची एका कठोर परीक्षेतून सुटका करतो. साठीतही त्याच्याकडे नवे सांगण्याजोगे काही उरते का, ही ती परीक्षा.

ती ज्यांना द्यावी लागली, असे तिघे एकाच घरातले आहेत. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज. तिघेही लंडनजवळच्या सरे परगण्यात वाढले आणि साठच्या दशकात 'यार्डबर्ड्स' या वाद्यवृंदात एकामागोमाग दाखल झाले. पेजने 'लेड झेपेलिन' उभे केले. पण ड्रमवादक जॉन बॉनहॅमच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये ते संपले. पुढे पेज मुख्यतः त्या वैभवाचा राखणदार झाला. क्लॅप्टन पुनःपुन्हा ब्लूजकडे परतला. १९९२ च्या 'अनप्लग्ड'ने त्याला अमाप यश दिले. त्याचा स्वर मुरत गेला, वाट मात्र तीच राहिली.

बेकचे तसे नव्हते. १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो'मध्ये त्याने गायकालाच रजा दिली. ऐंशीच्या दशकात पिक बाजूला ठेवून तो नुसत्या बोटांनी वाजवू लागला. पंचावन्नाव्या वर्षी, १९९९ मध्ये, त्याने इलेक्ट्रॉनिक तालांशी मैत्री केली. लगेच पुढच्या अल्बमात त्याने नितीन सोहनी यांचे 'नादिया' वाजवले. मूळ रचनेत स्वाती नाटेकर यांचा गळा आहे. त्या गळ्यातली मींड बेकने गिटारवर आणली. आयुष्यभर गिटार वाजवलेला माणूस उतारवयाकडे झुकताना गायिकेपुढे विद्यार्थी होऊन बसतो, ही सामान्य गोष्ट नव्हे.

बेकने स्वतःच्या रचना फारशा केल्या नाहीत, हा आक्षेप खरा आहे. लोकप्रियतेतही तो क्लॅप्टनच्या मागेच राहिला. पण सर्जनशीलता म्हणजे केवळ नव्या चाली नव्हेत. हाताला जडलेली सवय, ती टाळ्या मिळवून देत असतानाही, मोडण्याची तयारी म्हणजे सर्जनशीलता. २०२३ मध्ये, ७८ व्या वर्षी बेक गेला. श्रेष्ठ कोण, हा वाद खुशाल चालू राहू द्या. टिकला कोण, याचे उत्तर मात्र बेकच्या बोटांनी दिले आहे.