पारख कोणाची, पैसा कोणाचा?

जुनी नाणी जमविणे हा एके काळी संस्थानिकांचा, धनिक व्यापाऱ्यांचा आणि मोजक्या इतिहाससंशोधकांचा विषय होता. आज ती स्थिती राहिलेली नाही. नाण्यांच्या प्रदर्शनांतून हिंडणाऱ्यांत शिक्षक, कारकून, निवृत्त कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही दिसतात. छंद पसरला तशा किमतीही चढल्या. एका नाण्यासाठी महिन्याचा पगार, प्रसंगी वर्षाची शिल्लक मोजणारे लोक आहेत. अशा वेळी हाती पडणारे नाणे अस्सल आहे आणि सांगितले त्याच प्रतीचे आहे, हे ठरवावयाचे कोणी? विकणाराच पारखी होऊन बसला असेल, तर केवळ त्याच्या शब्दावर एवढी रक्कम टाकावी काय? या प्रश्नाचे उत्तर नि:संदिग्धपणे नकारार्थी दिले पाहिजे. मात्र तिऱ्हाइताचा दाखला म्हणजे काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे न समजता केवळ दाखल्यावर विसंबणे हेही तितकेच अविचाराचे आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पेशवाईच्या काळात अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हांचे रुपये एकाच मुलखात चालत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा आणि म्हणून बट्टाही निराळा. सरकारी खजिन्यात भरणा घेताना नाणे पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. बाजारात ते सराफ करी आणि पारखलेल्या रुपयावर आपली बारीक खूण ठोकी. अशा खुणांनी भरलेले रुपये आजही संग्राहकांच्या हाती येतात. नावाला बट्टा लागणे किंवा नाणे खणखणीत असणे, हे मराठीतील शब्दप्रयोग याच व्यवहाराची स्मृती जपून आहेत. नाणे हे रोजच्या देवघेवीचे साधन होते, तेव्हाही देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस लागत होता. आज तेच नाणे त्यातील धातूच्या कितीतरी पट किमतीला विकले जात असताना तो तिसरा माणूस अनावश्यक कसा ठरेल?

या तिसऱ्या माणसाचे आधुनिक रूप अमेरिकेत घडले. विल्यम शेल्डन याने १९४९ साली जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. ती मुळात किमतीचे प्रमाण दाखविण्यासाठी होती. ७० अंकाचे नाणे १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा तिचा सरळ हिशेब होता. पुढे हीच पट्टी सर्व नाण्यांच्या स्थितीचे माप बनली. १९८६ आणि १९८७ साली तेथे दोन मोठ्या खाजगी संस्था सुरू झाल्या. शुल्क घेऊन नाणे तपासावयाचे, अंक द्यावयाचा आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करून परत करावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. त्यांची गरज उघड होती. विकताना व्यापारी ज्याला उत्तम म्हणे, त्यालाच परत विकत घेताना तो मध्यम म्हणे आणि दोन्ही वेळा नुकसान ग्राहकाचे होई.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नाणे खरे की खोटे, हा एक प्रश्न. ते किती चांगल्या स्थितीत आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असते. दुसऱ्याचे उत्तर नजरेवर, अनुभवावर आणि थोडेफार बाजाराच्या लहरीवर अवलंबून राहते. पहिल्या प्रश्नात चूक झाली तर सारी रक्कम बुडते. दुसऱ्यात झाली तर ती काही अंशी बुडते. जाहिराती या दोहोंची मिसळ करतात आणि नवखा ग्राहक अंकाच्या मोहात अस्सलपणाची चौकशी करावयाची विसरतो.

अस्सलपणाची चौकशी किती निकडीची आहे, हे आपल्याकडील उदाहरणांवरूनच दिसेल. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेला शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या या नाण्यावर प्रत्येक मराठी संग्राहकाचा जीव जडलेला असतो आणि नेमकी हीच भावना नकली होन करणाऱ्यांचे भांडवल ठरते. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आणि १९३८ चा त्या मानाने सुलभ. म्हणून १९३८ मधील शेवटचा आकडा कोरून बदलण्याची युक्ती निघाली. येथे धातू खरा, वजन खरे, टांकसाळ खरी. खोटा तो केवळ एक आकडा. तराजू आणि कसोटीचा दगड अशा ठिकाणी काय करणार? राम, सीता, हनुमान यांची चित्रे, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे नाव आणि १६१६, १७१७, १८१८ अशी वर्षे असलेले ‘अर्धा आणा’ हे तर चलनी नाणेच नव्हे. १६१६ साली सुरतेच्या वखारीत नुकताच जम बसवू पाहणारी कंपनी आणे कोठून पाडणार? तरीही लाखोंच्या किमतीची आशा दाखवून असे तुकडे खपविले जातात. जुन्या नोटा व नाणी यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून फसवणूक होत असल्याचा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला, यावरून या रोगाचा फैलाव ध्यानात यावा.

‘माझी नजर तयार आहे, मला दाखल्याची गरज नाही’ असे म्हणणारे अनुभवी संग्राहक असतात. त्यांनी कार्ल बेकरचे नाव विसरू नये. १७७२ ते १८३० या काळात होऊन गेलेल्या या जर्मन कारागिराने प्राचीन नाण्यांचे ठसे इतक्या कौशल्याने कोरले, की युरोपातील नामांकित संग्राहकही फसले. नव्या नाण्यांना जुनेपणा यावा म्हणून तो ती लोखंडाच्या किसासह पेटीत भरून घोडागाडीच्या खाली बांधी आणि फेरफटका मारून येई, असे सांगतात. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचले, म्हणून त्याची करणी आज ओळखता येते. ज्यांचे ठसे कोणत्याच संग्रहालयात नाहीत, असे आजचे बेकर किती असतील?

मग दाखला मिळाला की निश्चिंत व्हावे काय? तसेही नाही. एकच नाणे डबी फोडून पुन्हा पाठविले तर निराळा अंक मिळू शकतो, हे तेथील बाजारात जगजाहीर आहे. अंक देण्याच्या कामातील अचूकता आणि तटस्थता यांविषयी जाहिरातीत अतिशयोक्ती केल्याचा आरोप अशाच एका संस्थेवर ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० साली कारवाई केली होती; ते प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे तर डब्यांचीच नक्कल होऊ लागली. खुद्द मोजपट्टीच्या जनकाची कथा याहून बोलकी आहे. शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते, हे उघडकीस आले. विद्वत्ता आणि विश्वास या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढाच याचा अर्थ.

शिवाय परदेशी मोजपट्टी आपल्या नाण्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवराई हातोड्याच्या घावाने पाडलेली असते. तांब्याची चकती अनेकदा ठशाहून लहान, म्हणून ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे क्वचितच पूर्ण उमटतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्याच्या मापाने तिला गुण देणे म्हणजे मोडी पत्राला छापील पुस्तकाच्या शुद्धलेखनाचे नियम लावण्यासारखे आहे. सराफाची खूण त्या पट्टीवर इजा ठरते. येथील अभ्यासकाला मात्र तीच नाण्याच्या प्रवासाची साक्ष वाटते. त्यात कायद्याची अडचण आहेच. १९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा होन असो, शिवराई असो की व्हिक्टोरिया राणीचा रुपया असो, दाखल्यासाठी तो टपालाने परदेशी धाडणे हा बेकायदा मार्ग होय.

म्हणून मध्यमवर्गीय संग्राहकाला आपला संयमच उपयोगी पडेल. पाचपन्नास रुपयांच्या शिवराईसाठी दाखल्याचा खटाटोप करण्याचे कारण नाही. तेथे चूक झाली तर तिला शिकवणीची फी समजावे. पण जी रक्कम बुडाली तर घरात सांगता येणार नाही, अशी रक्कम विक्रेत्याखेरीज दुसऱ्या जाणकाराचे लेखी मत असल्यावाचून देऊ नये. पक्की पावती आणि ‘नाणे नकली ठरल्यास पैसे परत’ अशी लेखी हमी मागावी. ती देण्यास जो कुरकुर करील त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते, एवढी माहिती आणि एक लहान काटा पुष्कळशा ओबडधोबड लबाड्या उघड्या पाडतो. ‘शेतात नांगरताना सापडले’ या कथेला तर मुळीच भुलू नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ती कथा खोटी असेल तर नाणे संशयास्पद आणि खरी असेल तर व्यवहार संशयास्पद. आणि घेतलेले नाणे चिंचेने घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा, कारण त्या एका सकाळीत त्याची निम्मी किंमत धुऊन जाते.

तथापि सारा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. भारतीय नाणकशास्त्र परिषद १९१० मध्ये स्थापन झाली. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० च्या दशकात नाण्यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. विद्यापीठांत प्राचीन इतिहासाचे विभाग आहेत, संग्रहालयांत नाण्यांची दालने आहेत. विद्येची उणीव नाही. ती सामान्य माणसाच्या दारापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था नाही. संग्रहालये आणि विद्यापीठे यांनी मिळून माफक शुल्कात नाणे तपासून त्याच्या छायाचित्रासह लेखी मत देण्याची सोय का करू नये? मत देणाऱ्याने नाण्यांची खरेदी-विक्री करू नये आणि किंमत सांगू नये, एवढे दोन दंडक पाळले तरी त्या मताला मोल येईल. नकली नाण्यांची सचित्र नोंद सर्वांना पाहता आली, तर व्यापाऱ्यांतील सचोटीच्या लोकांनाही तिचा लाभच होईल.

सराफाने खूण केलेला रुपयादेखील घेणारा हातावर वाजवून पाहत असे. दाखला हवा, तो तिऱ्हाइताचा हवा आणि तो वाचण्याइतके ज्ञान घेणाऱ्याजवळ हवे. ही तिन्ही जमेपर्यंत महागडे नाणे दुकानदाराच्या पेटीत राहिले तर बिघडत नाही. शेकडो वर्षे टिकलेले नाणे आणखी वर्षभर सहज थांबेल. घाईने गेलेली पुंजी मात्र परत येत नाही.