भाग बदलला, तर कोणते काम अडेल?

सुट्या भागांची यादी प्रत्येक कारखाना जपतो: भाग क्रमांक, नग, पुरवठादार, किंमत. त्या भागावर गाडीचे कोणते काम विसंबून आहे, हे मात्र पुष्कळदा जाणत्या अभियंत्याच्या डोक्यातच राहते. सुरक्षेशी निगडित प्रत्येक भागासाठी ही नोंद सक्तीची व्हावी आणि तिच्याशिवाय त्या भागातला कोणताही बदल मंजूर होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचे प्रकरण यासाठी पुरेसे आहे. शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता, की जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्यानेही किल्ली धावत्या गाडीत जागची सरके. इंजिन बंद पडे आणि धडक झाल्यास एअरबॅग उघडत नसे. कंपनीने नेमलेल्या अँटन वालुकास यांच्या २०१४च्या अहवालानुसार, एअरबॅगचे काम या स्विचवर अवलंबून आहे हेच तपास करणाऱ्या अभियंत्यांना उमगले नव्हते. गाडी बंद पडणे ही त्यांच्या लेखी ग्राहकाची गैरसोय होती. त्यात २००६ मध्ये स्विचची रचना बदलली, पण भाग क्रमांक जुनाच राहिला. नंतरच्या गाड्यांत दोष का दिसत नाही, हे कोडे मग वर्षानुवर्षे सुटेना. अखेर २०१३ मध्ये एका मृत तरुणीच्या कुटुंबाच्या बाजूच्या तज्ज्ञाने जुने-नवे स्विच ताडून पाहिले, तेव्हा फरक उघड झाला. पुढे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाईसाठी १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले.

प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे पीएलएम सॉफ्टवेअरमध्ये अशी सांगड घालता येते. ‘धडकेत एअरबॅग उघडणे’ हे एक काम. त्याच्याशी सेन्सर, नियंत्रक, वायरिंग यांच्याबरोबर इग्निशन स्विचही जोडायचा. मग स्विचमधल्या बदलाचा प्रस्ताव आला, की हे कामही तपासणीत आपोआप येते. हीच प्रणाली निव्वळ रेखाचित्रांचे कपाट म्हणून वापरली, तर तिचा मुख्य उपयोगच वाया जातो.

जोडणीच चुकली तर काय, हा आक्षेप रास्त आहे. बोइंग ७३७ मॅक्समध्ये दोन सेन्सरांतली तफावत दाखवणारा इशारा सर्व विमानांत असायला हवा होता; सॉफ्टवेअरने तो एका ऐच्छिक दर्शकाशी जोडला. ज्यांनी तो दर्शक घेतला नाही, त्यांना इशाराही मिळाला नाही. बोइंगला हे २०१७ मध्येच कळले होते, तरी दुरुस्ती लांबणीवर पडली. म्हणून नोंद प्रत्यक्ष वस्तूवर पडताळलीच पाहिजे. पण लिहिलेली चूक दुसरा कुणी पकडू शकतो; डोक्यातली चूक पकडायला कुणाला वावच नसतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चाकण-भोसरीच्या छोट्या पुरवठादारांवर हा बोजा नकोच. तो वाहन उत्पादकाने उचलावा आणि आपला भाग कोणत्या कामाचा आहे, हे पुरवठादाराला लेखी कळवावे. सुरुवात ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगपासून करता येईल. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालींसाठीचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ पासून अशा मागोव्याची अपेक्षा करते. आपल्याकडे सदोष वाहने परत बोलावण्याची कायद्यात तरतूद आहे, पण ती गाडी रस्त्यावर आल्यानंतरची. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ही नोंद वाहन-मंजुरीच्या अटींतच घालावी, म्हणजे दोष कारखान्यातच हाती लागण्याची संधी मिळेल.