घरचे हात फुकट नसतात



यंदा फाल्गुनात आम्ही जिल्ह्याच्या बैठकीला निघालो होतो. पुसदहून वाशीमकडे जाताना घाट लागतो. गाडी म्हणजे संघटनेच्या कामाची जुनी जीप. आत आम्ही सातजण आणि मागे पत्रकांचे गठ्ठे. अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. इंजिन बोंबलत होते, पण गाडी काही पुढे सरकेना. पाठोपाठ जळका वास आला. पाचजण खाली उतरले, गठ्ठे डोक्यावर घेतले, तेव्हा कुठे गाडी पहिल्या गिअरवर माथ्याला लागली. क्लच प्लेट संपली होती.

रात्री मुक्कामी तोच विषय निघाला. एक कार्यकर्ता म्हणाला, "गॅरेजवाल्याला मजुरी कशाला द्यायची? प्लेट विकत आणू, आपणच टाकू. आपली मजुरी काय, घरचीच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेतकीची पदवी घेतलेले आणि गावोगाव उत्पादनखर्चाचे तक्ते समजावत फिरणारे आम्हीही मान डोलावली. कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. त्या म्हणाल्या, "काहो भाऊ, सरकारले भाव मांगता तवा आपली मजुरी धरा म्हंता. मंग आता आपलीच मजुरी फुकट कशी झाली?"

कोणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. गाडीचा क्लच स्वतः बदलावा की मिस्त्रीकडे द्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ आहे. पण त्याचे उत्तर आपण ज्या पद्धतीने काढतो, त्याच पद्धतीने आपण कापसाचा आणि ज्वारीचाही हिशेब मांडतो. म्हणून त्यावर लिहितो आहोत.

हिशेबातली पहिली चोरी

शेतमालाचे भाव सुचवण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ साली आयोग नेमला. १९८५ पासून तो कृषी खर्च व मूल्य आयोग या नावाने ओळखला जातो. त्याच्या तक्त्यात ए-२ म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च: बियाणे, खत, औषध, भाड्याची औते, लावलेले मजूर. त्यात घरच्या माणसांच्या कामाची किंमत मिळवली की ए-२ अधिक कुटुंबाची मजुरी असा आकडा येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली. ती दीडपट ए-२ अधिक कुटुंबाच्या मजुरीवर होती, सी-२ वर नव्हती. आपले भांडण इथेच आहे. जे घरचे आहे ते फुकटचे, असे म्हणून आपल्याला लुटले जाते, हा आपला आरोप आहे.

आरोप खरा आहे. पण गाडीखाली शिरताना आपण स्वतः ए-२ चाच हिशेब करतो. प्लेटचे पैसे गेले तेवढाच खर्च. दोन दिवस, चार हात, तालुक्याच्या दोन चकरा हे सगळे शून्य. जो स्वतःच्या वहीत घामाला शून्य लिहितो, त्याच्या घामाला दुसरा कोणी दाम का देईल?

आधी रोग ओळखा

हिशेबाच्याही आधी निदान. पिवळी पडलेली प्रत्येक पऱ्हाटी नत्राच्या कमतरतेने पिवळी पडत नाही. तसेच ओढ कमी झालेल्या प्रत्येक गाडीची क्लच प्लेट गेलेली नसते.

क्लचचे काम समजायला सोपे आहे. इंजिनच्या मागे जड चाक असते, ते फ्लायव्हील. त्याच्यावर प्रेशर प्लेट दाबून बसते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट चिमटीत धरलेली असते. पायाने पेडल दाबले की चिमटा सैल होतो आणि इंजिनचा जोर चाकांपर्यंत जात नाही. पाय काढला की चिमटा घट्ट होतो. प्लेटचे अस्तर झिजले की चिमट्यात धरायला काही उरत नाही. इंजिन फिरते, पण त्याचा जोर चाकाला पोचत नाही.

परीक्षा अशी घ्या. सपाट मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी माणूस किंवा जनावर नसताना गाडी उभी करा. हॅन्डब्रेक पक्का ओढा. इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. प्लेट चांगली असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडेल. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन फिरतच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा घेतली तर उरलेली प्लेटही जळेल.

क्लच घसरतो म्हणूनही लगेच प्लेट आणायला धावू नका. पेडलची मोकळी चाल पाहा. पेडल सुरुवातीला थोडे अंतर हलके जायला हवे. ती मोकळीक उरली नसेल तर चिमटा कायमचा अर्धवट सैल राहतो. वायरवर चालणाऱ्या क्लचमध्ये नट फिरवून ही मोकळीक परत मिळते. हे काम एका पान्याचे आणि अर्ध्या तासाचे आहे; ते प्रत्येकाने स्वतःच करावे. उलट बाजूने, गिअर टाकताना खरखर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग वायर ताणली आहे का, तेलावरचा क्लच असेल तर तेल गळते आहे का, हे आधी पाहावे. एवढे जाणणाऱ्या माणसाला कोणी विनाकारण नवी प्लेट विकू शकत नाही.

काम केवढे आहे?

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपची प्लेट बदलायची तर मधला लांब दांडा सोडवावा लागतो, मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत पुढच्या चाकांचे दांडे काढल्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही आणि हात घालायला जागाही कमी. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे, बसवतानाही तसेच, नाहीतर ती वाकते. नवी प्लेट मधोमध आली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरतच नाही. त्यासाठी मापाचा दांडा लागतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. म्हणून आतली धूळ फुंकू नये किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी मिळून एका गाडीची प्लेट घरीच बदलली. दोन दिवस लागले, मोठी फुशारकी मारली. महिन्याच्या आत क्लच पुन्हा घसरू लागला. उघडून पाहिले तर नवी प्लेट तेलाने माखलेली. इंजिनच्या मागचे ऑइल सील गळत होते आणि पहिल्या वेळी आम्ही ते पाहिलेच नव्हते. थोड्या पैशांचे सील न बदलल्याने सगळे काम दोनदा करावे लागले. रोगाचे कारण शेतात तसेच ठेवून पुन्हा तेच बी पेरणाऱ्यासारखी आमची गत झाली. तेव्हापासून गिअरबॉक्स उतरवला की सील, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलवरचे चरे पाहिल्याशिवाय तो वर चढवायचा नाही, असा नियम केला.

आता वही काढा

समजा, मिस्त्री २,५०० रुपये मजुरी घेतो. सुटे भाग दोन्हीकडे सारखेच, ते सोडून द्या. घरी करायचे तर दोन माणसे दोन दिवस, म्हणजे चार रोज. ४०० रुपयांनी १,६०० झाले. जॅक आणि घोड्यांचे भाडे ३००. विसरलेला भाग आणायला तालुक्याची चक्कर ४००. एकूण २,३०० रुपये. वाचले फक्त २००. गाडी जागची हलत नसेल आणि टोचन करून न्यायला ८०० रुपये पडणार असतील, तर घरी करण्यात हजार वाचतात. आणि आमच्यासारखे काम दोनदा करावे लागले, तर दोन हजारांच्या वर नुकसान. आकडे आपापल्या तालुक्याचे घाला, पण चार रोजांची ओळ कोरी ठेवू नका. सामान ठरवायचे, दुकान शोधायचे, कामाची जबाबदारी घ्यायची, यात डोके लागते, त्याचीही किंमत असते. आयोगाच्या पद्धतीत व्यवस्थापनाचे दहा टक्के धरणारा सी-३ नावाचा खर्च आहेच की!

यावर कोणी म्हणेल, "वैशाखात हात रिकामेच असतात. तेव्हाची मजुरी कशाला धरायची?" प्रश्न रास्त आहे. हाताची किंमत बारा महिने सारखी नसते. वैशाखात ती उतरते, म्हणून असली कामे वैशाखातच काढावीत. पण उतरली म्हणजे संपली असे नाही. कमी लिहा, पण लिहा. कोरडवाहू शेतकऱ्याचे हात किती दिवस रिकामे राहतात, हाही एक आकडाच आहे आणि तोही जगापुढे यायला हवा.

मृगाच्या तोंडावर मात्र हिशेब पार बदलतो. पऱ्हाटी लावण्याजोगा पाऊस झाला की ओल थांबत नाही. खरीप ज्वारीची पेरणी लांबली की खोडमाशी पोंगे खाते. त्या चार दिवसांत गाडीखाली घातलेल्या एका दिवसाची किंमत ४०० रुपये नसते, पुढच्या पिकाचा हिस्सा असते. तेव्हा मिस्त्रीची मजुरी हाच स्वस्त सौदा.

जीव आधी

एक गोष्ट कुठल्याच हिशेबात बसत नाही. गिअरबॉक्स छातीवर झेलायचे ओझे नव्हे. विटांवर, दगडांवर किंवा नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. विटा भाराखाली फुटतात, जॅक घसरतो. पक्क्या घोड्या, चाकांना ओटे, टणक जमीन आणि सोबत दुसरा माणूस नसेल, तर काम घरी करू नका.

ट्रॅक्टरचे तर आणखी वेगळे. त्याचा क्लच बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो. पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो. दोन्ही बाजूंना पाचरी ठोकल्या नाहीत तर पुढचा भाग कलंडतो. दुहेरी क्लच असेल तर आतली बोटे मापाने लावावी लागतात. ज्याने हे काम जाणत्याच्या हाताखाली केलेले नाही, त्याने ते घरी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मुदतीतली गाडीही स्वतः उघडू नये, हमी हातची जाते.

मिस्त्रीचाही घाम घामच

आणखी एक सांगायला हवे. तालुक्याच्या गॅरेजात तेलकट कपड्यांत बसलेला पोरगा बहुधा आपल्यातलाच असतो. बापाच्या पाच एकरांत पोट भरेना म्हणून त्याने पाना हातात घेतला. त्याने अडीच हजार मागितले की आपण म्हणतो, "दोन-चार बोल्ट तर खोलायचेत, एवढे कशाचे?" व्यापारी आपल्या कापसात बोट घालून "ओल आहे" म्हणतो, त्या स्वरात आणि या स्वरात फरक तो काय? त्याने लबाडी केली तर जरूर पकडा. निदान येणाऱ्याला ती पकडता येते. पण त्याच्या खऱ्या कामाचे दाम त्याला द्या. भीक नको, घामाचे दाम हवे, असे आपण रस्त्यावर उतरून म्हटले आहे. ते फक्त आपल्या घामापुरते म्हटले नव्हते.

आमच्या जीपचे काय झाले? परीक्षा घेतली, मोकळी चाल पाहिली. प्लेट खरोखरच संपली होती. बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि आमच्याजवळ घोड्या नव्हत्या. वही मांडली आणि गाडी मिस्त्रीकडे दिली. जुनी प्लेट हातात घेऊन पाहिली, सील बदलून घेतले, मजुरी घासाघीस न करता दिली. आमच्यातली दोन पोरे दिवसभर त्याच्याजवळ थांबून काम शिकली. वहीत त्यांचे दोन रोजही लिहिले, शिक्षणाचा खर्च म्हणून.

बैठकीपुढे आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक गावात चैत्रात जीप आणि ट्रॅक्टरच्या क्लचची तपासणी व्हावी, म्हणजे मृगात कोणाची पेरणी अडणार नाही. चार-पाच गावांनी मिळून घोड्या, जॅक आणि पान्यांचा एक संच घ्यावा. आणि घरी काम करा की बाहेर द्या, वहीत घरच्या रोजांची ओळ भरलेली असावी. घाटावर ज्या मावशींनी आम्हाला प्रश्न विचारला, त्यांनीच ती वही तपासावी असे आम्हाला वाटते.