टाकाऊ ठरवायचे कोणी?

इमारत पाडायला घेतली की पहिला घाव भिंतीवर पडत नाही. आधी दारे-खिडक्या निघतात, मग गज आणि ग्रिल, मग नळाचे पाइप, विजेच्या तारा. आणि विकण्याजोगे सारे काढून झाले की यंत्रे चालू लागतात. पुण्यात, ठाण्यात, मुंबईच्या उपनगरांत पुनर्विकासाची जी लाट आली आहे, तिच्यात हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिले असेल. टेम्पोत उभी रचलेली दारे, कुणावर अजून गणपतीचे चित्र चिकटलेले, कुणावर नावाची पाटी काढल्याच्या खुणा. ही दारे जातात कुठे? हा प्रश्न मी हळवा होऊन विचारत नाही. तो घरखर्चाचा प्रश्न आहे, आणि घर रिकामे करायची नोटीस हातात पडण्यापूर्वी विचारायचा आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या मध्यमवर्गीय सोसायट्यांत दाराच्या चौकटी बहुधा सागवानी असत. सागाच्या गाभ्यातल्या लाकडात अंगचेच तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाण्याने ते लवकर कुजत नाही. पन्नास पावसाळे पाहिलेले लाकूड पुरते वाळलेले असते, त्याला जे वाकायचे-पिळायचे ते वाकून-पिळून झालेले असते. असे लाकूड आपण टेम्पोत चढवून देतो आणि नव्या फ्लॅटसाठी हप्त्यांवर पार्टिकल बोर्डचे कपाट आणतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि चिकटद्रव्य यांची दाबून केलेली फळी. कडेच्या पट्टीतून एकदा पाणी शिरले की ती फुगते, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा पकडत नाही. दोन वेळा घर बदलले की कपाट भंगारात. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपण शाळेच्या हस्तकलेच्या तासापुरता ठेवला. व्यवहारात चालले आहे ते नेमके उलटे.

असे का झाले? पूर्वीच्या पिढीला काटकसरीचे वेड होते आणि आपण उधळे निघालो, हे उत्तर सोपे आहे, पण मला पटत नाही. देवदारी खोक्यांचे फडताळ, डालड्याच्या डब्यातली तुळस, जुन्या लुगड्यांची गोधडी, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करणारे आजोबा हे सारे खरे. पण ती हौस नव्हती. तेव्हा वस्तू महाग होती आणि माणसाचा वेळ स्वस्त होता. बोहारीण दारात बसून एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करी, आणि घरातल्या बाईलाही तो अर्धा तास परवडे. (तिला खरोखर परवडे की तिच्या वेळेची किंमत कुणी धरतच नसे, हा निराळा विषय आहे.) आज गणित फिरले आहे. वस्तू स्वस्त, मजुरी महाग. सुताराला जुने लाकूड दाखवा, तो नाक मुरडतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. जुन्या चौकटीत कुठे तरी एखादा खिळा दडलेला असतो. तो लागला की रंध्याचे पाते जाते, करवतीचे दात जातात. रंग खरवडण्यात दिवस मोडतो. त्यापेक्षा प्लायवूडची नवी शीट कापून तिच्यावर सनमायका चिकटवणे त्याला सोयीचे आणि फायद्याचेही.

म्हणजे जुन्या लाकडावरचे काम ज्याला खरोखर परवडते, असा माणूस घरातच शोधावा लागतो. रविवारची सकाळ ज्याच्याकडे आहे आणि जो त्या सकाळीचे बिल लावत नाही, तो. गेली काही वर्षे घरच्या घरी सुतारकाम करण्याची जी हौस वाढली आहे, तिचे मला कौतुक आहे. पण ती हौस आयते संच आणि चकचकीत अवजारांच्या पेट्या विकत घेण्यात संपत असेल, तर तिला काटकसर म्हणू नये. करवत, पटाशी, गुण्या, हातोडी आणि दोन शिकंजे एवढ्यावर बरेच होते. ड्रिल मशीन इमारतीत एक असले तरी पुरे.

आता मालकीकडे वळू. पुनर्विकासाच्या करारांत पाडकामातून निघणारे सामान बहुधा विकासकाकडे जाते. तो ते पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या हिशेबात वळते करतो. आमच्या परिचयातल्या एका सोसायटीच्या सभेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. चटई क्षेत्र, कॉर्पस फंड, दरमहा भाडे, पार्किंग यांवर तीन तास खल झाला. शेवटी एका वयस्कर बाईंनी विचारले, ‘‘आणि माझ्या दाराचं काय?’’ सभेत हशा पिकला. विकासकाच्या प्रतिनिधीने ‘‘आजी, तुम्हाला नवीन दार देणार आहोत,’’ असे सांगितले आणि विषय संपला. नवीन दार कसले, हे कुणी विचारले नाही. तेच दार पुढे एखाद्या शोरूममध्ये पॉलिश होऊन, ‘अँटिक’ अशी चिठ्ठी लावून उभे राहू शकते. मग त्याच्या किमतीला कुणी हसत नाही.

कायद्याचे लक्ष या विषयाकडे आहे, पण ते मुख्यतः मलब्याकडे. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्रीय नियम २०१६ मध्ये आले. मोठ्या कामांत काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, प्लास्टिक, विटा वेगवेगळ्या करा, असे त्यांत सांगितले आहे. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, आणि वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली. हे चांगलेच आहे. पण काँक्रीट दळून त्याची खडी करणे वेगळे आणि धडधाकट दार दार म्हणूनच वापरणे वेगळे. दुसऱ्या कामाला यंत्र लागत नाही, करारात एक ओळ लागते. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी राज्य सरकारने कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश काढले. त्या प्रक्रियेत सभासदांना आपल्या सूचना लेखी देता येतात. ‘आपापल्या सदनिकेतील दारे, चौकटी, खिडक्या व ग्रिल काढून नेण्याचा हक्क सभासदांना राहील’ एवढी सूचना निविदेपूर्वी दिली, तर ती मान्य होण्याची शक्यता आहे. निविदेनंतर ठेकेदाराने भाव लावलेला असतो. मग तो का सोडील?

जुन्या सामानातून केलेले घर म्हणजे गबाळे घर, ही समजूत मोडायला एक नाव पुरेसे आहे. लॉरी बेकर. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि केरळात स्थायिक झालेल्या या वास्तुशिल्पीने पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या, फुटक्या टाइल्स, रिकाम्या बाटल्या वापरून घरे बांधली. तिरुवनंतपुरमचे त्यांचे स्वतःचे घरही त्यातलेच. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची घरे पाहायला आजही वास्तुशास्त्राचे विद्यार्थी जातात.

घरी काय करता येईल? एका दाराच्या चौकटीचाच हिशेब करू. सात-सात फुटांच्या दोन उभ्या आणि तीन फुटांची एक आडवी, असे साधारण सतरा फूट लाकूड. जाडी बहुधा चार इंच बाय अडीच इंच. त्यातून अठ्ठावीस इंचांचे चार पाय निघाले की सव्वानऊ-साडेनऊ फूट गेले. उरलेल्यात बाजूच्या दोन फुटांच्या दोन पट्ट्या आणि मागची तीन फुटांची एक बसते. वर नवा प्लायवूड टाकला की मुलांच्या अभ्यासाचे टेबल तयार. चार पायांवर चार मुले नाचली तरी ते हलणार नाही. खिडकीच्या झडपांचे भिंतीवरचे कपाट होते, ग्रिलवर वेल चढतो, शहाबादी फरशीचा तुकडा ओट्याशेजारी पोळपाट ठेवायला कामी येतो.

मात्र तीन गोष्टींत हयगय नको. पहिली रंगाची. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. जुना रंग कोरडा घासू नये, जाळून तर मुळीच काढू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावा, तोंडावर मास्क असावा, मुले आणि गरोदर स्त्रिया दूर असाव्यात, खाली पसरलेला कागद गुंडाळून टाकावा. दुसरी, सिमेंटचे जुने पत्रे. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते; ते कापू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत, अंगणातल्या शेडच्या मोहाने घरी आणूच नयेत. तिसरी, कारखान्यांतून मिळणारी मालवाहतुकीची लाकडी पॅलेट्स. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो. शेजारी ‘एचटी’ अक्षरे असली तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असली तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात घेऊ नये. आणि कुठलेही जुने लाकूड करवतीखाली घेण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे, म्हणजे दडलेला खिळा सापडतो.

राहता राहिला प्रश्न, नवी इमारत उभी राहीपर्यंत हे सामान भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवायचे कुठे? गावी पडवी असेल तर उत्तम. नसेल तर चार कुटुंबांनी मिळून ओळखीच्या कुणाचा गाळा किंवा बंद गॅरेज घ्यावे. दारे भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर त्यांना बाक येतो. विटांवर आडवी, सपाट रचावीत, मध्ये हवा खेळायला पट्ट्या घालाव्यात, वर प्लास्टिकऐवजी जुनी चादर टाकावी. आणि प्रत्येक दाराच्या वरच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, खडूने फ्लॅटचा नंबर लिहून ठेवावा.