उस्मानाबाद म्हणणारी कुणाची?

२०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम केलं. आता तोंडात कुठलं नाव येतं, त्यावरून बाईचा पक्ष ठरवला जातो. धाराशिव हे लेण्यांचं जुनं नाव. ते आवडणारी प्रत्येकजण द्वेष करते असं नाही. उस्मानाबाद निजामाच्या नावावरून पडलं, पण कितीजणींचं ते माहेर! (लग्नात आपली नावं बदलताना तरी कुणी विचारलं होतं?) नावाचा वाद किती पेटतो, हे मराठवाड्याने १९७८ मध्ये पाहिलं, विद्यापीठाच्या नामांतरावरून दलित वस्त्या जळल्या. तरीही ‘राजकारण नको’ म्हणत बैठकीत विषयच बंद केला, तर एकीचं येणं हळूच थांबेल. त्यापेक्षा दोघींनी समोरासमोर भांडावं. आपल्या हजेरीवहीत दोन्ही नावं चालावीत.